लाल टिकलीचा टोमॅटो

४ नोव्हेंबर

धाकटे साहेब,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, ते खोडलं. खोडलेलं दिसतंय ना? दिसू दे.

हे पत्र समेटासाठी नाही. फोन करत नाही, कारण फोनवर तू नुसता 'हं, हं' करतोस, आणि मी ओरडायला लागले की तुझे दाजी माझ्या हातातून फोन काढून घेतात. कागद कोणी काढून घेत नाही.

काल सकाळी टोमॅटो घेऊन सुपरमार्केटला गेले. माझ्या काचघरापासून ते दुकान आठ किलोमीटर. क्रेट उतरवून आत डोकावले, तर परवाच्या मालातल्या माझ्या प्रत्येक खोक्यावर लाल टिकली! आणि शेजारच्या फळीवर दक्षिणेकडून सतराशे किलोमीटर ट्रकमध्ये हेलकावे खात आलेले टोमॅटो, त्यांना हिरवी. वर पाटी : 'हिरवी टिकली म्हणजे हवामानाला कमी त्रास, लाल म्हणजे जास्त.' खाली बारीक अक्षरात, 'आमच्या मोजणी विभागाकडून.' तुमच्या मोजणी विभागात माणसं किती? तीन. त्यातला भाजीपाला कोणाकडे? तुझ्याकडे.

एकोणीस वर्षं माझ्या गाडीवर लिहिलेलं आहे, 'शेजारचा टोमॅटो, आज सकाळचा'. लोक त्यावर विश्वास ठेवून घेतात. काल एक बाई माझं खोकं उचलून, टिकली बघून, चटका बसल्यासारखं खाली ठेवून गेली. मला ओळखते ती. नमस्कारसुद्धा केला नाही, जणू मी टोमॅटो नाही, चोरून धूर पिकवते.

पण मला खरं लागलं ते वेगळंच. सप्टेंबरात तू चार दिवस राहायला आलास. आयुष्यात पहिल्यांदा काचघरात रमलास. "ताई, बॉयलर कधी सुरू करतेस? थंडीत आठवड्याला तेल किती जातं? टोमॅटो किती निघतो?" मला भरून आलं. दाजींना म्हटलं, "बघा, उशिरा का होईना, बहिणीच्या कामात रस घेतोय." एकेक आकडा तुला कौतुकाने सांगितला. तुझं पेन चालेना, तेव्हा माझं दिलं. माझ्याच पेनाने, माझ्याच स्वयंपाकघरात बसून तू माझ्या टोमॅटोला लाल टिकली लावलीस.

आता म्हणशील, तो कामाचा भाग होता. मग तीन-तीन वेळा वाढून घेतलंस, तोही कामाचाच भाग का?

तुझी (हे सवयीने लिहिलं),
ताई

ता. क. दुकानाच्या मॅनेजरचा तुला फोन आला असेल, तर तो गैरसमज आहे. मी खोकी नीट रचत होते.


१५ नोव्हेंबर

धाकट्या,

तुझं उत्तर मिळालं. त्याला उत्तर म्हणायचं का? मी चार पानं लिहिली आणि तू तक्ता पाठवलास. वर 'ताई' नाही, काही नाही. 'काचघर क्रमांक १४'. लोकांच्या बहिणींना नावं असतात, मला क्रमांक आहे.

तुझा तक्ता म्हणतो की हिवाळ्यात माझ्या एक किलो टोमॅटोमागे जेवढा कार्बन हवेत जातो, त्याच्या पाव भागसुद्धा त्या लांबच्या टोमॅटोमागे जात नाही. आणि ट्रकच्या प्रवासापुढे काय लिहिलंयस? 'किरकोळ'. सतराशे किलोमीटर किरकोळ! लहानपणी तुला शाळेत सोडायला मी दीड किलोमीटर चालायची, तेव्हा माझ्या कडेवर बसून 'अजून किती लांब' म्हणून भोकाड कोण पसरायचं?

कागदावर काहीही सिद्ध करता येतं. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघणार आहे. घाऊक बाजारात मुंगीशी बोलून आले. मुंगी म्हणजे दक्षिणेचे टोमॅटो आणणारा ड्रायव्हर. नावावर जाऊ नकोस, माणूस दारातून आडवा होऊन आत येतो. पण ट्रक सत्तरच्या वर कधी नेत नाही, म्हणून बाकीचे ड्रायव्हर त्याला मुंगी म्हणतात. जाताना तो कागदाची रिळं नेतो, येताना टोमॅटो आणतो. मी म्हटलं, मला जाऊन येऊन बरोबर न्या.

तो म्हणाला, "ताई, तुमचं गिऱ्हाईक तोडणारा माल मी आणतो, आणि तुम्ही माझ्याच शेजारी बसून येणार?"

"डिझेल मोजायचंय."

"माझ्या मालकाने पाठवलंय का तुम्हाला?"

"नाही हो. भावाशी भांडण झालंय."

"मग या," तो म्हणाला. "मालकाचं भांडण असतं तर नसतं घेतलं."

तुझ्या दाजींना सांगितलं, तर ते पेपर खाली न करता म्हणाले, "चार दिवस ट्रकमध्ये बसणार, ते फक्त धाकट्याला खोटं पाडायला?" मी म्हटलं, हो. म्हणाले, "मग जाड मोजे घे."

तक्ता जपून ठेवलाय. परत आल्यावर तुझ्या तोंडावर मारायला लागेल.

ताई (क्रमांक १४)


२६ नोव्हेंबर

धाकट्या,

आले परत. कंबर अजून ट्रकमध्येच आहे.

मुंगी भला माणूस आहे. चढाला ट्रकला 'चल गं बाई' म्हणतो, उताराला काही म्हणत नाही. चार दिवसांत त्याने मला तीनदा विचारलं की तुमच्या भावाने नक्की केलं काय. पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा म्हणाला, "वाईट केलं." दुसऱ्यांदा मी बॉयलरबद्दल जरा सविस्तर सांगितलं, तेव्हा नुसताच आरशात बघत राहिला. तिसऱ्यांदा मीच विषय बदलला.

मी वहीत सगळं लिहिलंय. निघताना टाकी किती भरली, वाटेत किती घेतलं, मागे माल गार ठेवणारं यंत्र किती प्यायलं. एकही थेंब सोडलेला नाही. एका पंपावर तर मी आकडा टिपायला इतकी वाकले, की पंपावरची मुलगी मुंगीला विचारते, "आई का तुमची?" तो म्हणाला, "नाही, तपासणी." तेव्हापासून प्रत्येक थांब्यावर मला फुकट चहा मिळाला.

तिकडचं शेत पाहिलं. शेत कसलं, बांबूसारख्या नळ्यांवर ताणलेलं प्लास्टिक, दोन्ही बाजूंनी उघडं. नोव्हेंबर संपत आला तरी मालकीणबाई अर्ध्या बाह्यांत. मी सगळीकडे फिरून पाहिलं आणि विचारलं, "तुमचा बॉयलर कुठे ठेवलाय?"

"कसला बॉयलर?"

"उष्णतेसाठी."

तिने वर बोट केलं. मला वाटलं, छपरावर आहे. मी मान वर करून शोधत राहिले, आणि मग लक्षात आलं की बाई सूर्य दाखवतेय. ती हसली नाही, हे तिचे उपकार. मुंगी हसला.

आता तू विचारशील, डिझेल किती निघालं. बेरीज झाली आहे. भागाकार राहिलाय. ट्रकमध्ये वीस हजार किलो माल होता, आणि एवढ्या मोठ्या आकड्याने भागायचं म्हणजे वेळ लागतो. सध्या खोकी चिकटवण्याचं काम फार आहे. हिशेब यथावकाश कळवीन.

एक मात्र सांगते, तिकडचे टोमॅटो चवीला पाणचट. हे तक्त्यात कुठे दिसलं नाही.

ताई


८ डिसेंबर

धाकट्या,

दोन आठवडे झाले, तू गप्प. मीही गप्प राहिले असते, पण एक गोष्ट पोटात राहीना. ती सांगायची तर आधी दुसरी एक सांगावी लागते, आणि तीच सांगायची नाही म्हणून दोन आठवडे गेले. दाजी म्हणाले, "लिहून टाक. आता तुला आणखी काय लाज राहिली आहे?"

तर, ४ नोव्हेंबरच्या पत्रात मी लिहिलं होतं की दुकानात मी खोकी नीट रचत होते. मी खोकी रचत नव्हते. टिकल्या बदलत होते.

शेजारी हिरव्या शेंगांच्या पिशव्या होत्या. त्यांची हिरवी टिकली नखाने काढायची, माझी लाल काढायची, आणि अदलाबदल करायची. चाळीस खोक्यांपर्यंत आले होते, तेवढ्यात पहारेकरी आला. म्हणाला, "बाई, काय चाललंय?" मी म्हटलं, "दुरुस्ती." त्याने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर तुझ्यापेक्षा लहान. मी त्याला म्हटलं, "ह्या टिकल्या माझ्या भावाने केल्यात, त्यामुळे घरच्याच आहेत." त्याने माझं नाव लिहून घेतलं आणि खुर्चीत बसवलं. शिक्षा झालेल्या मुलीसारखी मी तिथे बसले, अंगठ्याच्या नखाला गोंद, पदरात लाल टिकल्यांचा गोळा. मग त्याने कोणाला तरी फोन केला आणि एकदम म्हणाला, "जा तुम्ही." म्हणजे तो तुलाच केला असणार. आणि तू मला सोडवलंस, आणि मला एका शब्दानेही टोचलं नाहीस. मला माहीत आहे. मी त्याचं नाव काढलं नाही, कारण मग तुझ्यावर रागावता आलं नसतं.

आता दुसरी गोष्ट. चाळीस पिशव्यांची टिकली नखाने काढायची म्हणजे पिशवी जवळून बघावी लागते. त्या शेंगांच्या मोठ्या खोक्यांवर एक पट्टी चिकटवलेली होती, तिच्यावर विमानाचं चित्र आणि तारीख. तोडणी सोमवारी, दुकानात बुधवारी, आणि देश समुद्रापलीकडचा. मी तेव्हा तिकडे लक्ष दिलं नाही, कारण मी गुन्ह्यात गुंतले होते. पण ट्रकमध्ये मुंगीला विचारलं, तर म्हणाला, "शेंगा? त्या उडून येतात. बोटीने आणल्या तर पोचेपर्यंत दोरखंड होतील."

धाकट्या, विमानाला हिरवी टिकली कशी?

तुझा तक्ता परत काढून बघितला. शेंगांच्या पुढे 'जहाज' लिहिलंय.

हे मी मॅनेजरला सांगितलेलं नाही. वर्तमानपत्राला सांगितलेलं नाही, आणि मला एका पत्रकार बाईंचा नंबर माहीत आहे. दाजींनासुद्धा आत्ताच सांगितलं. तुलाच सांगतेय. तुला तोंडघशी पाडायची याहून चांगली संधी मला मिळणार नव्हती. चार दिवस मी खूश होते, आणि मग नाही राहिले. एवढंच.

ताई


२० डिसेंबर

प्रिय धाकट्या,

(या वेळी खोडलेलं नाही.)

तुझं पत्र आलं. तक्ता नाही, पत्र. तीन पानं, तुझ्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात. दाजींनी वाचायला मागितलं, मी दिलं नाही. आधी दोनदा वाचलं, मग गोडाऊनमध्ये जाऊन तिसऱ्यांदा.

पुरवठा करणाऱ्याने फॉर्मवर जहाज लिहिलं आणि तू उलटून विचारलं नाहीस, हे तू थेट तुमच्या मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन सांगितलंस. त्यांना कळलंच नसतं. मग सगळ्यांसमोर उभं राहून परत सांगितलंस. सगळ्या दुकानांतल्या शेंगांच्या टिकल्या बदलाव्या लागल्या आणि आता तुझी प्रत्येक मोजणी दुसऱ्या कोणीतरी तपासणार. आणि 'चूक कोणी पकडली' असं विचारल्यावर तू म्हणालास, 'एका काचघर मालकिणीने.' क्रमांक नाही सांगितलास.

नोकरी जाणार नाही ना? खरं सांग. गेली तर इकडे ये. काम भरपूर आहे, पण तुला वाकवत नाही.

सप्टेंबरबद्दल तू जे लिहिलंयस, की दुसऱ्याच दिवशी तुला उत्तर दिसत होतं आणि मी वाढत होते म्हणून तोंड उघडवेना, ते वाचून मला राग यायला हवा होता. आला नाही. कारण मीही तेच करतेय. तू एवढं कबूल केल्यावर आता मीही करते.

भागाकार राहिला नव्हता. येतानाच, दुसऱ्या दिवशी, शेवटच्या थांब्यावर चहाच्या कपाशेजारी वही ठेवून मी तो केला होता. येताना ट्रकने आणि गारव्याच्या यंत्राने मिळून सहाशे वीस लिटर डिझेल घेतलं. वीस हजार किलो टोमॅटो. एका किलोमागे किती? एकतीस मिलिलिटर. मी तीनदा केलं. मुंगीला करायला दिलं. त्याचंही तेच आलं. मोठे दोन चमचे, धाकट्या! खोकल्याचं औषध आपण त्याहून जास्त पितो.

आणि माझा बॉयलर कडाक्याच्या आठवड्यात सातशे लिटर तेल पितो आणि साडेसहाशे किलो टोमॅटो देतो. किलोला लिटरभर. त्यांचे दोन चमचे आणि माझी अख्खी बाटली. आठ किलोमीटरच्या गमजा मारत मी एकोणीस वर्षं बाटल्या ओतत होते. मी वही मिटली, तेव्हा मुंगी म्हणाला, "ताई, भाऊ हुशार दिसतो." मी म्हटलं, "लहानपणी नव्हता."

घरी येऊन तीन आठवडे मी हे कोणाला सांगितलं नाही. दाजींनी वही वाचलेली होती. त्यांनी आकडे एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून गोडाऊनच्या भिंतीला लावले. मी तो पुठ्ठा उलटा केला. दुसऱ्या दिवशी तो परत सुलटा. असं आठ दिवस चाललं. शेवटी मीच म्हटलं, "बरं, बरं."

मला खरी भीती होती ती बॉयलरमामांची. तुला आठवतात ना, तेलकट टोपीवाले? माझ्याकडे पहिल्या दिवसापासून आहेत. त्यांना सांगायचं कसं की तुमचा बॉयलर आता हिवाळ्यात बंद? खोकी भरणाऱ्या दोघीजणींना सांगणं सोपं होतं, खोकी काहीही भरता येतात. मामांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि म्हटलं, "मामा, मन घट्ट करा."

"कोण गेलं?"

"कोणी नाही. यापुढे थंडीत बॉयलर लावायचा नाही, असं ठरवतेय."

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मला वाटलं, आता रडतात. मग म्हणाले, "एकोणीस वर्षं थंडीत एक सुट्टी घेतली नाही मी, तो विझेल म्हणून. लेकीकडे राहायला जाईन म्हणतो जानेवारीत."

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाटायचं. टाकी भरताना रोज वाटायचं. तुम्ही गाडीवर एवढं सुंदर लिहिलेलं, म्हणून बोललो नाही."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे माझी समजूत सांभाळत होते. माझ्याशी खोटं न बोललेला एकटा तूच निघालास, आणि तेही तक्त्यातून.

ताई


१८ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

मधल्या काळात लिहायला सवड नव्हती. उपटत होते.

टोमॅटोच्या वेली काढताना मला वाटलं होतं त्याहून जास्त त्रास झाला. डिसेंबरअखेर, अंगावर फळ असताना. दोघीजणी एका रांगेत, दाजी दुसऱ्या, मी तिसऱ्या. काचघर गार पडलं, इतकं गार की आत बोललेलं वाफ होऊन दिसायचं. पहिल्या आठवड्यात मी दोनदा बॉयलरपाशी जाऊन उभी राहिले. मामा नव्हते, चावी माझ्याकडे होती. पण दाजींनी तेलाच्या टाकीवर पालक पेरलेले ट्रे मांडून ठेवले होते, आणि ते उचलायचा मला कंटाळा आला.

आता तिथे पालक आहे, मेथी आहे, सॅलडची पानं आहेत. बाहेर कोबी आणि गाजर. ही मंडळी थंडीने मरत नाहीत, फक्त जरा सावकाश वाढतात, तुझ्यासारखी. टोमॅटोची रोपं एप्रिलात बाहेरच्या उन्हावर लावणार. जूनच्या आधी टोमॅटो नाही.

लोक ऐकत नाहीत मात्र. कोपऱ्यावरच्या खाणावळीच्या आचाऱ्याने फोन करून मला जवळजवळ शिव्या घातल्या. "टोमॅटो नाही म्हणजे? मग मी लाल काय करू?" मी म्हटलं, गाजर करा. त्याने फोन आपटला. चार दिवसांनी गाजरांची दुप्पट मागणी आली, पण माफी अजून यायची आहे. गाडीवरची ओळ पुसायला रंगारी बोलावला होता. 'शेजारचा टोमॅटो' खरवडून झाल्यावर त्याने विचारलं, आता काय लिहू? मला सुचेना. सध्या गाडीवर नुसतंच 'आज सकाळचा' असं लिहिलेलं आहे. काय आज सकाळचं, ते लोकांनी आत बघून ठरवावं.

मागच्या मंगळवारी माझ्या पालकाला तुमच्याकडून टिकली आली. हिरवी. मी दुकानात उभी राहून बराच वेळ बघत होते. पहारेकरी लगेच जवळ आला. मी दोन्ही हात वर करून दाखवले. तो म्हणाला, "बघा, बघा, फक्त हात नका लावू."

तू रविवारी येतोस असं लिहिलंयस. ये. मोजणीची वही आण, लपवू नकोस, आणि येतानाच सांगून ठेव की काय काय विचारणार आहेस. मलाही ते शिकायचंय. कारण असं आहे, की रस्त्यापलीकडच्या काकडीवाल्याच्या काचघरावरून सकाळपासून काळा धूर निघतोय, आणि तो माझ्या पालकाच्या डोक्यावरून जातो. काल मी कुंपणापाशी जाऊन त्याला समजावून सांगितलं. दोन चमचे, अख्खी बाटली, सगळं. तो म्हणाला, "बाई, माझी काकडी अगदी इथली आहे, शेजारची."

धाकट्या, मला इतका राग आला की मी त्याला सरळ विचारलं, "थंडीत आठवड्याला तेल किती जातं तुमचं?" आणि तो भला माणूस कौतुकाने सांगायला लागला. मला पेन मिळेना, तर त्याने स्वतःचं दिलं.

लवकर ये.

तुझी,
ताई